बाळाबाईंचा गातानाचा फोटो

"डावीकडं... अजून चार बोटं... बास."

अंजनीनं हे शब्द काळ्या कापडातच सोडले. कापडाची घडी झटकायच्या निमित्तानं ती तिवईजवळ वाकली होती. तिच्या नवऱ्यानं, नागोजीनं, कॅमेरा तेवढाच सरकवला. मग ती कापडाखाली शिरली, मागची काच पुसायची आहे असं दाखवत. काचेवर मारुतीरावांची वखार उलटी लटकली होती. तुळया खाली, सतरंजी वर, आणि मधे कुठंतरी तंबोऱ्याचा भोपळा. तिनं चकती हळूहळू फिरवली. तंबोऱ्याच्या तारा आधी धुरासारख्या होत्या, मग एकेक सुटी झाली. ती बाहेर आली.

"झाली बघा काच साफ," ती मोठ्यानं म्हणाली.

आता नागोजी कापडाखाली गेला. फोटोग्राफरनं जितका वेळ आत राहायला हवं तितका वेळ राहिला, दोनदा मान हलवली, "हां, हां" केलं. बघणाऱ्यांना वाटलं, काय बारकाईनं बघतोय माणूस. त्याला आत काय दिसत होतं हे एकट्या अंजनीला ठाऊक होतं. काळोख दिसत होता, आणि वखारीच्या मोठ्या दाराच्या जागी एक पांढुरका डाग.

दोन वर्षांपूर्वी उचगावात भजनाच्या सप्त्याला हे घडलं. सभामंडपात उजेड कमी म्हणून नागोजीनं लख्ख उजेड पाडणारी दारू तबकडीवर घेतली. ती नेहमीपेक्षा जास्त पडली की दमट होती, कुणास ठाऊक. भडका वर जायचा तो तोंडावर आला. भजन थांबलं, टाळ खाली पडले. उजवा डोळा तिथंच गेला. डावा वाचला असं डॉक्टर म्हणाले. नागोजीनं काळा चष्मा घेतला आणि महिन्याभरात बेळगावच्या खडेबाजारातलं दुकान पुन्हा उघडलं. कुणी हळहळलं की म्हणायचा, "क्यामेऱ्याला तरी दोन डोळे कुठं असत्यात? एकच तर असतोय." लोक हसायचे आणि कौतुक करायचे.

पण डावा डोळाही वाचला नव्हता. त्याच्यावर साय धरत गेली. पहिल्यांदा माणसांचे चेहरे गेले, मग हातांची बोटं, मग माणूस बसला आहे की उभा आहे हेही. एका दुपारी एका मुनीमजींचा फोटो काढताना नागोजीनं खुर्चीच्या मागच्या पडद्यालाच "मान जरा वर घ्या" म्हटलं. मुनीमजी अजून पाणी प्यायला बाहेरच होते. त्या दिवसापासून अंजनी दुकानातून हलली नाही.

ती वडगावच्या विणकराची लेक. मागावर बसलेल्या बापाच्या शेजारी बसून हजार धाग्यांतला तुटलेला एक हुडकायची सवय लहानपणापासूनची. लग्नानंतर पहिल्या वर्षी नागोजीनंच तिला जिन्याखालच्या अंधाऱ्या खोलीत नेऊन तांबड्या दिव्यात काच धुवायला शिकवलं होतं. पांढऱ्या काचेवर हळूहळू माणूस उगवताना बघून ती "अगं बाई!" म्हणाली होती, आणि नागोजी इतका हसला होता की त्याच्या हातातलं भांडं कलंडलं. ते दिवस वेगळे होते. आता काच तीच लावायची, तीच धुवायची, कागदावर तीच उतरवायची, आणि खाली कोपऱ्यात नागोजीच्या नावाचा शिक्का दाबायची. वडगावला गेली की आई म्हणायची, "तुला काय बाई, फोटूवाल्याची बायको. सावलीत बसायचं काम." अंजनी भाकरी मोडत म्हणायची, "व्हय." आईलाही सांगायची सोय नव्हती. आईला सांगितलेलं सांजेपर्यंत सगळ्या मागांवर पोचलं असतं, आणि आंधळ्या फोटोग्राफरकडं कोण येणार?

मारुतीराव निपाणीचे तंबाखूचे व्यापारी. नवा माल यायच्या आधी, मार्गशीर्षात, वखार रिकामी असायची. तेव्हा ते दत्तजयंतीचं गाणं ठेवायचे. वखार धुऊन काढायची, तरी तंबाखूचा वास भिंतींतून जायचा नाही. पहिल्या ओळीतली माणसं शिंकत शिंकत दाद द्यायची. एकोणीसशे छत्तीसच्या त्या मार्गशीर्षात बाळाबाई गाणार होत्या. गोव्याकडच्या बाळाबाई, पण बरीच वर्षं निपाणीतच येऊन राहिलेल्या. वय साठीच्या पुढं. त्यांचं गाणं ऐकायला कोल्हापुराहून माणसं येत. मारुतीरावांच्या मनात एकच होतं. बाईंचा फोटो हवा, पण गाता गाता.

"बसवून काढल्याला नगो," त्यांनी दुकानात येऊन सांगितलं होतं. "शालू नेसून, फुलदाणीवर हात ठेवून काढल्यालं ढीगभर हायेत. मला त्या गाताना पायजेत. बाई काय तुमच्यासाठी थांबायच्या न्हाईत हां, आधीच सांगतो. आणि उजेडाची दारूबिरू काय उडवायची न्हाय."

"सकाळची बैठक हाय न्हवं? मोठी दारं उघडी ठेवा. जमतंय की," नागोजी म्हणाला. मारुतीराव गेल्यावर तो बोटांवर हिशेब करत बसला. एवढ्या उजेडात काचेला दोन श्वासांइतका वेळ तरी लागणार होता. तेवढ्यात गाणारा हलला की चेहऱ्याचा फराटा. बाई हलायच्या नाहीत असा क्षण धरायचा म्हणजे त्यांचा चेहरा दिसायला हवा.

"मी बायकांत बसते, म्होरं," अंजनी म्हणाली. "बांगडी वाजवते. एकदा वाजली की भिंगावरचं टोपण काढा, दुसऱ्यांदा वाजली की लावा."

"एवढ्या गाण्यात ऐकू येईल व्हय मला?"

"तुमास्नी माझी बांगडी ऐकू येत न्हाय?"

नागोजी हसला नाही, पण हो म्हणाला.

तर आता ती बायकांत, खांबाला टेकून, पुढच्या ओळीत बसली होती. बाळाबाई तोडी गात होत्या. बारीक चणीची बाई, नाकात चमकी, डावा हात कानाजवळ. उजवा हात सुराबरोबर वर जायचा, तिथं काहीतरी तोलायचा आणि परत यायचा. अंजनी त्या हाताकडं बघत राहिली. बाप मागावर अभंग म्हणायचा तेव्हा धोटा टाकायच्या आधी त्याचा हात असाच एक क्षण थांबायचा. बाळाबाई वरच्या षड्जाकडं निघाल्या की आधी खांदे सैल पडत. मग मान वर जाई. आणि सूर लागला की सगळी बाई थांबे; ओठ उघडे, डोळे मिटलेले, गळ्यातली पोतसुद्धा हलत नसे. अंजनीनं ते एकदा बघितलं, दोनदा बघितलं. पुढच्या वेळी खांदे सैल पडताच तिनं श्वास धरला आणि मनगट खांबावर आपटलं.

नागोजीनं टोपण काढलं. तिनं पुन्हा मनगट आपटलं. आणि सूर तुटला.

"थांबा." बाळाबाईंनी डोळे उघडले. तबला थांबला. "दोनदा ऐकलं मी. कुणाच्या बांगड्या आहेत त्या? तालात वाजल्या असत्या तर मी काही बोलले नसते."

वखारीत हशा पिकला. बायका एकमेकींकडं आणि मग सगळ्या अंजनीकडं बघायला लागल्या. मारुतीराव अर्धे उठले. त्यांचा चेहरा लाल झाला होता.

"कोण हाय ती? ए बाई, ऊठ. भाईर जाऊन बस जा."

अंजनीनं नागोजीकडं बघितलं. तो कॅमेऱ्याशेजारी उभा होता, टोपण लावायचं राहून हातातच, काळा चष्मा बरोबर तिच्या दिशेला. त्यानं ऐकलं होतं. एक शब्द पुरला असता. 'माझी बायको हाय, माझ्याच कामाला बसलीया,' एवढं म्हटलं असतं तरी चाललं असतं. नागोजीनं टोपण एका हातातून दुसऱ्या हातात घेतलं आणि तो गप्प राहिला.

अंजनी पदर सावरत उठली. बायकांनी पाय बाजूला घेऊन वाट दिली. मागच्या दारातून ती पडवीत आली. तिथं तंबाखूच्या काड्यांचा ढीग होता, पाण्याची घागर होती. ती ढिगाशेजारी खाली बसली. आत तोडी पुन्हा सुरू झाली.

भिंतीपलीकडून सगळं ऐकू येत होतं. चेहरा दिसत नव्हता, पण आता चेहऱ्याची गरजही नव्हती. सूर चढायला लागला की तिला कळायचं, आता खांदे पडले, आता मान गेली. आता. तिनं बांगड्यांवर दुसऱ्या हाताची मूठ घट्ट आवळून धरली होती. आता, अवो, आता काढा. सूर लागायचा, थांबायचा, निघून जायचा. भिंतीच्या पलीकडं तिचा नवरा टोपण धरून उभा होता आणि अलीकडं ती. तो अंदाजानं कधी काढेल, कधी लावेल, देव जाणे.

भैरवी झाली. आतून माणसं बाहेर पडल्याचा गलबला आला. बाळाबाई गरम पाणी प्यायला मागच्या पडवीत आल्या तेव्हा अंजनी उठून उभी राहिली.

"तूच ना ती?" त्यांनी फुलपात्र हातात घेतलं. गाऊन आलेल्या बाईचा आवाज बोलताना अगदी साधा, थोडा बसका होता. "ताल कळत नाही का गं तुला?"

"कळतोय."

"मग? मी सूर धरायला आणि तुझी बांगडी वाजायला एकच गाठ पडली. अगदी बरोबर तिथंच. उगाच खुळखुळवणारी बाई अशी नेमकी वाजवत नाही. कुणासाठी वाजवलीस?"

अंजनीची नजर आत गेली. दार उघडं होतं. आत नागोजी तिवईचे पाय मिटत होता. एक पाय मिटला, दुसरा मिटला, तिसऱ्यासाठी त्याचा हात हवेत फिरत राहिला. बाळाबाईंनी ते पाहिलं. फुलपात्र तोंडापाशी तसंच राहिलं.

"दिसत नाही त्यांना."

"दिसतंय की," अंजनी घाईनं म्हणाली. "एक डोळा चांगला हाय."

बाळाबाई तिच्याकडं बघत राहिल्या. मग पाण्याचा एक घोट घेऊन म्हणाल्या, "उजेड आहे अजून. मी परत बसते थोडी. तंबोरा जुळलेलाच आहे. तू काढ फोटो."

अंजनीच्या डोळ्यांपुढं ते एकदम उभं राहिलं. कॅमेरा, समोर बाळाबाई, आणि टोपण आपल्या हातात. कुणाला खूण करायची नाही, कापडात कुजबुजायचं नाही. ती बोलायला तोंड उघडणार तेवढ्यात मारुतीराव पडवीत आले.

"काय म्हंताय बाई? काय पायजे?"

"ही फोटो काढेल, म्हणतेय मी."

"ही?" मारुतीराव मोठ्यानं हसले. त्यांच्या मागनं आलेले दोघं-तिघंही हसले. "अवो बाई, ही नागोजीची बायको, आत्ता वळखली मी. पेटी उचलायला आणलीया त्यानं. काय गं, येतोय व्हय तुला फोटू काढाय?"

आत तिवईचा आवाज थांबला. नागोजी जागच्या जागी उभा राहिला होता. त्यानं मान वळवली नाही, कान वळवला. त्याच्या मानेवरची भाजल्याची गुलाबी कातडी ताणली गेली होती. अंजनीला वाटलं, आपण 'येतोय' म्हटलं तर हा माणूस इथं, या एवढ्या लोकांत, उभ्या उभ्या खाली बसेल.

"न्हाय बा," ती म्हणाली. "मला कुठलं येतंय. त्यास्नीच येतंय ते."

"मग झालं तर!" मारुतीराव म्हणाले.

बाळाबाईंनी फुलपात्र घागरीवर ठेवलं. "बरं," एवढंच म्हणाल्या आणि आत गेल्या.

सर्व्हिस मोटारीतून दोघं बेळगावला परतली. काचांची पेटी अंजनीच्या मांडीवर होती. यमकनमर्डीच्या घाटात मोटार हिसके देत होती तेव्हा तिनं पेटी पोटाशी धरली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती जिन्याखालच्या खोलीत शिरली. काच औषधाच्या पाण्यात हलवता हलवता आधी खांब आला, मग तबलेवाल्याचा फेटा, मग तंबोरा. सगळं काठोकाठ स्वच्छ. मधोमध जिथं बाळाबाई होत्या तिथं वाऱ्यात धरलेल्या समईसारखं काहीतरी होतं. दोन नाकं, तीन ओठ, एकही डोळा नाही. दुसरी काच त्याहून वाईट. तिसरीत बाळाबाई पाणी पीत होत्या.

नागोजी दाराबाहेर उभा होता. "कसा आलाय?"

"तोंड आलं न्हाय."

"कशातच?"

"कशातच न्हाय."

थोड्या वेळानं बाहेरून आवाज आला. "बांगडी जरा हळू वाजवली असतीस तर..."

अंजनीनं हातातली काच खाली ठेवली. दार उघडून ती बाहेर आली. उजेडानं तिचे डोळे मिचमिचले.

"मला भाईर काढलं तवा तुमी बोलला न्हाईसा."

नागोजीनं चष्मा काढून पुसला, परत लावला.

"बाई पुन्हा बसायला तयार झाल्त्या. माझ्या हातनं काढून घ्यायला. मी न्हाय म्हटलं. तुमी ऐकलंसा न्हवं? मी न्हाय म्हटलेलं ऐकलंसा न्हवं?"

"ऐकलं."

"मग बांगडीचं बोलू नगासा."

नागोजीनं भिंत चाचपली आणि तो दुकानाच्या पुढच्या बाजूला निघून गेला. दिवसभर तो गिऱ्हाइकाच्या खुर्चीत बसून होता. मारुतीरावांना निरोप गेला की मोटारीत हिसका बसून काचा फुटल्या. मारुतीराव चिडले, मग म्हणाले, "जाऊ दे, फुडच्या सालाला काढू. बाई काय कुठं पळून जात न्हाईत."

त्यानंतरचे महिने अंजनीला फार जड गेले. काम होतं, उलट वाढलं होतं. बेळगुंदीत लग्न, शहापुरात विणकरांच्या भजनी मंडळाचा फोटो, कुठल्या शाळेचं संमेलन. सगळीकडं तेच. कापड झटकायच्या मिषानं वाकायचं, काच पुसायच्या मिषानं आत शिरायचं, बाहेर येऊन खोटं बोलायचं. बेळगुंदीत नवऱ्या मुलाचा बाप तिच्यावर खेकसला, "बाईमाणसानं असं म्होरं म्होरं काय करायचं? जा की बायकांत." ती गेली. त्या फोटोत नवरीचं डोकं कापलं गेलं आणि नागोजीला बोलणी खावी लागली. तो घरी येऊन जेवला नाही. कधी कधी दुपारी दुकानात कुणी नसताना अंजनी कॅमेऱ्याच्या कापडाखाली नुसतीच उभी राहायची. खडेबाजार काचेवर उलटा वाहत असायचा; टांगे, डोक्यावर गाठोडी घेतलेले विणकर, समोरच्या परशरामच्या दुकानातली खणांची चवड. तिला वाटायचं, आपण इथंच आहोत, या कापडात, आणि इथनं बाहेर यायला वाट नाही. मग नागोजीची चाहूल लागली की ती बाहेर येऊन फडकं हातात घ्यायची.

चैत्रातल्या एका सकाळी दारात टांगा थांबला. उतरलेल्या बाईंना अंजनीनं आधी ओळखलं नाही. गळ्याला पांढरा पट्टा गुंडाळलेला, अंग निम्मं झालेलं. नाकातल्या चमकीवरून ओळख पटली.

"बाळाबाई! या, बसा."

बाळाबाई खुर्चीत बसल्या. बोलायला तोंड उघडलं तर नुसती हवा आली. अंजनीला पुढं वाकून ऐकावं लागलं.

"इथल्या दवाखान्यात आले होते. गळ्यात गाठ आहे म्हणतात. आवाज आता यायचा नाही, म्हणाले." त्या थांबल्या, श्वास घेतला. "मारुतीराव म्हणाले, तुमच्या काचा फुटल्या. एखादी राहिली असेल तर बघावी, म्हणून आले. गातानाचा फोटो माझा कुणाकडंच नाही. आता कधी निघायचाही नाही."

अंजनीनं नवऱ्याकडं बघितलं. तो टेबलाशी उभा होता. टेबलावर ठेवलेले त्याचे दोन्ही हात हळूहळू मुठीत मिटले.

"काचा फुटल्या न्हाईत बाई," नागोजी म्हणाला. "माझ्याच हातनं बिघडल्या. तुमी हलत व्हता का थांबला व्हता, मला कळलं न्हाय. मला दिसत न्हाय. लई दिवस झालं, दिसत न्हाय."

बाहेर परशराम कुणाला तरी खण उलगडून दाखवत होता, त्याचा आवाज येत होता. हे शब्द नागोजीनं आजवर अंधाऱ्या खोलीतसुद्धा उच्चारले नव्हते. अंजनीला त्याच्याकडं बघवेना.

"ठाऊक आहे मला," बाळाबाई कुजबुजल्या.

"ही काढंल," नागोजी म्हणाला. "दोन वर्सं हीच काढतीया." त्यानं खुंटीवरची टोपी चाचपून काढली, डोक्यावर ठेवली आणि भिंतीच्या कडेकडेनं दाराकडं गेला. "मी भाईर बसतो. दार ओढून घेतो, बाजारातनं कोण डोकवायला नगो. वरच्या तावदानातनं उजेड भरपूर हाय, अंजनी. दोन श्वास घे, जास्ती घेऊ नगो."

दार लागलं.

अंजनीनं कॅमेरा ओढला. काचेवर नाकातली चमकी धारदार होईपर्यंत तिनं चकती सोडली नाही. मग काच बसवून ती कॅमेऱ्याशेजारी उभी राहिली, टोपणावर हात ठेवून.

"गावा बाई."

बाळाबाईंनी मान हलवली. "आवाज कुठाय?"

"फोटूत आवाज कुठं येतोय? तुमी गावा. तोडी गावा."

बाळाबाईंनी आधी गळ्यावरचा पट्टा चाचपला. मग त्यांनी पदर सारखा केला. डावा हात कानाकडं गेला, डोळे मिटले. ओठ उघडले. काहीच ऐकू येत नव्हतं, श्वासाची बारीक घरघर तेवढी. पण उजवा हात उठला, आणि अंजनीला ती चाल कळायला लागली. हे खाली फिरणं, हे परत येणं, ही वरची वाट. बाई रमत गेल्या. एकदा वर जाऊन आल्या, पुन्हा निघाल्या. खांदे सैल पडले. मान वर गेली. हात तिथं जाऊन थांबला.

अंजनीनं टोपण काढलं.

त्याच वेळी बाहेर, दाराला लागूनच, परशरामचा आवाज आला. "काय अण्णा, तुमी पायरीवर? आणि दार लावल्यालं? मग आत फोटू कोण काढतंय?"

"अंजनी काढतीया," नागोजी म्हणाला. आवाज मोठा होता, बाजारात चार दुकानांपर्यंत जाईल एवढा. मग तो खाली आला. "आणि जरा हळू बोल, परशराम. आत गाणं चाललंय."

अंजनीनं मागं वळून बघितलं नाही. तिचा पहिला श्वास संपला होता, दुसरा चालू होता. समोर पांढऱ्या पट्ट्याच्या वर बाळाबाईंचा चेहरा उजेडात निश्चल होता.